टाकीतली घट

गव्हाचा हंगाम तोंडावर आला आणि आशिष मुळे यांनी आपल्या सगळ्या गाड्यांना डब्या बसवून घेतल्या. डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढी काळी पेटी, डॅशबोर्डच्या खाली तारांच्या गुंत्यात दडवलेली. ती बसवायला इंदूरहून रोहन नावाचा मिस्त्री आला होता. भोपाळमधल्या करोंदच्या गोदामासमोर दिगंबर ठवकर आपल्या चारशे सात टेम्पोच्या पायरीवर बसून त्याचं काम संशयानं बघत होता. गाडी मुळ्यांची, पण आशिषच्या वडिलांच्या काळापासून ती दिगंबरच्याच हातात होती. दुसऱ्या कुणाच्या हातात ती नीट चालत नाही असं त्याचं म्हणणं, आणि ते त्याची बायको सोडून सगळ्यांना पटत असे.

"हे करते काय?" त्यानं विचारलं.

"यात सिम आहे, काका. गाडी कुठं आहे, किती जोरात चालली, ब्रेक कसा मारला, सगळं भैयाजींच्या मोबाईलवर जातं."

"याला कसं समजते गाडी कुठं आहे ते?"

"वरच्या सॅटेलाईटवरून."

"त्याला वरून गाडी दिसते?"

"दिसत नाही. जागा डबीच काढते."

"मंग सॅटेलाईट काय करते?"

रोहननं क्षणभर विचार केला. "तो फक्त टाइम सांगतो."

"टाइम सांगायला माझ्याजवळ घड्याळ आहे," दिगंबर म्हणाला, आणि त्यानं तो विषय सोडून दिला. डोक्यावरून गेलेल्या गोष्टीमागे धावायची त्याला सवय नव्हती.

मग रोहननं डिझेलच्या टाकीला भोक पाडलं. तेव्हा मात्र दिगंबर उठून उभा राहिला. टाकीच्या मधोमध जुनी जाळी होती, म्हणून रोहननं मागच्या टोकाशी भोक घेतलं आणि त्यात एक लांब दांडी उभी सोडली. डिझेल दांडीला किती उंच लागलं ते दांडी डबीला सांगणार. चालत्या गाडीत डिझेल हिंदकळतं म्हणून तिकडे काणाडोळा करायचा. गाडी उभी राहिली, किल्ली बंद झाली, की खरं मोजमाप.

"अन् ही डबी खाते काय?"

"बॅटरीतून थोडा करंट घेते. गाडी बंद असली तरी."

"बॅटरी म्हातारी आहे बाप्पा."

"काही होत नाही हो काका. मच्छर पिते एवढंच पिते."

तो मच्छर रोज पिऊ लागला. हंगाम सुरू झाला, आणि काही दिवसांतच सकाळी सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हू लागली. दिगंबरनं आशिषला सांगितलं, "भैयाजी, बॅटरी पाहिजे." आशिष म्हणाला, "सीझन आटपू द्या, दिगूभाऊ. मग सगळ्यांच्याच बदलू." सीझन म्हणजे बैरसियाकडच्या गावांतून गव्हाची पोती भरायची, करोंदच्या मंडीत रांगेत उभं राहायचं, माल उतरवायचा आणि परत गावाकडे. उन्हानं स्टिअरिंगला हात लावता येत नसे. भुशाची बारीक कुसळं मानेत शिरून खाज सुटे, आणि घामानं ती अजून पसरे. अशात सकाळी गाडीच चालू झाली नाही तर माणसानं करायचं काय?

त्यावर दिगंबरचा उपाय तयार होता. त्याचं घर करोंदच्या पुढं, बैरसिया रोडच्या बाजूला एका टेकाडाच्या अंगावर होतं. संध्याकाळी घरी आला की तो गाडी वर चढवी, वळवी आणि उतारावर तोंड खाली करून उभी करी. धाकटा भाऊ विनायक चाकाखाली दगड लावी. सकाळी विनायकच दगड ओढून घेई, गाडी आपसूक घरंगळे, दिगंबर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडी आणि एक हिसका बसून इंजिन धडधडू लागे. उतारावर उभ्या गाडीला बॅटरीचं काय काम! ठवकरांच्या घरात हे बापाच्या वेळेपासून चालत आलेलं होतं. बाप नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर भोपाळला आलेला ड्रायव्हर, आणि सरकारी जीपची बॅटरी कधी धड नसायची.

डबीनं आधी दिगंबरला गुण दिले. शंभरात एकेचाळीस. ईंटखेडीपाशी म्हैस आडवी आली म्हणून मारलेला ब्रेक, मंडीच्या रांगेत चालू ठेवलेलं इंजिन, सगळ्याचे गुण कापले गेले होते.

"म्हैस मारली असती तर पूर्ण मार्क भेटले असते का?" दिगंबरनं घरी विचारलं.

"दहावीत बी तुम्हाले एवढेच होते ना?" त्याची बायको उषा म्हणाली, आणि विनायक पोट धरून हसला.

विनायकचं लग्न काही जमलं नव्हतं. तो भावाकडेच राही. करोंद चौकात त्याची उसाच्या रसाची गाडी होती, तिला छोटं डिझेल इंजिन. उन्हाळा हीच त्याची कमाई. रोज संध्याकाळी तो उरलेला रस भांड्यात घेऊन येई, आणि उषा त्याला म्हणे, "भाऊजी, पुरे आता, घरातल्या मुंग्याबी कंटाळल्या."

मग एका सकाळी पोती चढवताना आशिषचा फोन आला.

"दिगूभाऊ, काल संध्याकाळी डिझेल काढलं का?"

"कुठलं डिझेल?"

"टाकीतलं. गाडी घरी उभी राहिली आणि आठ लिटर खाली आलं. मेसेज आहे माझ्याकडे."

"गळत असेल, भैयाजी."

त्यानं गाडीखाली झोपून पाहिलं. टाकी बाहेरून कोरडी. नळी कोरडी. बोट लावून वास घेतला, वासही धुळीचाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दिगंबरनं टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं. कुलूप जसंच्या तसं, आणि मेसेज आलाच.

"किल्ली कुठं ठेवता?" आशिषनं विचारलं.

"घरात. खिळ्याला."

"बघा मग," आशिष म्हणाला. त्या 'बघा'चा अर्थ दिगंबर दिवसभर लावत बसला.

आशिष वाईट माणूस नव्हता. उज्जैनच्या व्यापाऱ्याचं घर, वडील गेल्यापासून धंदा एकट्याच्या अंगावर. मशीनवर खर्च केलेला, तेव्हा मशीन सांगेल ते खरं मानणं त्याला भाग होतं. त्यानं हुकूम काढला की दिगंबरची गाडी आता घरी जाणार नाही, गोदामाच्या फरशीवर उभी राहील. दिगंबर बसनं घरी जाऊ लागला. सकाळी हमालांना हात जोडून गाडी ढकलून घ्यावी लागे. हमाल ढकलत आणि शिव्याही देत. पोती वाहून खांदे सोललेली माणसं ती, त्यांचं तरी काय चुकलं?

आणि मेसेज बंद झाले. एकही आला नाही.

दिगंबरला बरं वाटायला हवं होतं. पण वाटेना. गोदामात गाडी उभी असली की डिझेल जागेवर, घरी असली की गायब. त्याला काही उमगेना. त्यानं काढलं नव्हतं. उषानं काढलं नव्हतं, तिला टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे तेही ठाऊक नसावं. मग?

आशिषनं त्याला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यातली काचेची खोली. आतमध्ये कूलर होता, आणि दिगंबर आत कधी बसला नव्हता. आजही त्याला कुणी बस म्हटलं नाही.

"दिगंबर, मी तुला स्पष्ट सांगतो," आशिष म्हणाला. आजवरचं 'दिगूभाऊ' आणि 'तुम्ही' त्यानं एका वाक्यात काढून घेतलं. "तू घेतलं असं मला म्हणायचं नाही. पण तुझ्या घरून जातं. कोण घेतं ते सांग, नाहीतर सोमवारपासून गाडी दुसऱ्याला देतो. घरात डिझेल कोण वापरतं?"

दिगंबर खिडकीतून बाहेर बघू लागला. बाहेर त्याची गाडी उभी होती. काचेवर धूळ, दाराच्या हँडलला त्याच्याच हातानं गुंडाळलेली सुतळी. त्या जागेवर दुसरा कुणी बसलेला त्याला दिसू लागला.

"मला विचार करू द्या," तो म्हणाला.

घरी जिन्याखाली विनायकचा कॅन होता. विनायक बाहेर हातपाय धूत असताना दिगंबरनं तो उचलून पाहिला. जड होता. झाकण उघडून वास घेतला. डिझेलचाच वास, दुसरा कसला येणार? तरी त्याला धक्का बसला. उषा दारात उभी होती.

"काय पाहून राहिले?"

"काही नाही."

"अहो, भाऊजींना विचारा ना सरळ."

"काय विचारू? चोर आहे का म्हणून विचारू?"

"विचारलं तर हो का नाही ते तरी सांगतील."

विनायक टॉवेलनं तोंड पुसत आत आला. "दादा, गाडी कधी आणतो घरी? दगड लावल्याबिगर मले झोप येत नाही," तो हसून म्हणाला. दिगंबरला ते हसणं नेहमीचं वाटलं, मग नेहमीचं वाटेना. रोज संध्याकाळी गाडीपाशी कोण जातं? विन्या. दगडाला वाकतं कोण? विन्या. टाकी कुठं, तर चाकाच्या जवळच. डोक्यात एकदा किडा शिरला की माणूस प्रत्येक पानावर भोक बघतो. त्यानं काहीच विचारलं नाही. जेवताना विनायकनं त्याला चटणी वाढली, ती त्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तो काचेच्या खोलीत उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या भावाचं रसाचं इंजिन आहे. डिझेलवर चालते."

एवढंच बोलला. चोर म्हणाला नाही. आपण फक्त इंजिन आहे एवढं सांगितलं, असं तो वाटेत मनाशी घोकत होता, आणि ते त्याचं त्यालाच पटत नव्हतं.

आशिष लगेच उठला. दिगंबरच्या गाडीतच बसून दोघं करोंद चौकात गेले. भर दुपार, रसाच्या गाडीला गर्दी. मंडीतले शेतकरी, दोन पोलीस, कॉलेजच्या मुली. विनायक चरकात ऊस घालत होता. भावाची गाडी पाहून त्यानं लांबूनच दोन बोटं वर केली, म्हणजे दोन ग्लास काढतो. आशिष उतरला, सरळ रसाच्या गाडीच्या मागं गेला आणि त्यानं कॅन उचलला.

"हे डिझेल कुठून आणलं?"

"पंपावरून," विनायक म्हणाला. त्याला अजून काही समजलं नव्हतं. "का हो भैयाजी?"

"चिठ्ठी?"

"कॅनची कोण चिठ्ठी ठेवतं?"

"ठवकरांच्या घरून रोज माझं आठ लिटर जातं. तुझ्या भावानंच सांगितलं तुझं इंजिन आहे म्हणून." आशिषनं कॅन नाकाशी नेला, जसा काही वासावर त्याचं नाव लिहिलेलं होतं. पोलिसांपैकी एकानं ग्लास खाली ठेवला. मुली एकमेकींकडे बघत बाजूला झाल्या.

विनायकनं दिगंबरकडे पाहिलं. दिगंबर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. उतरून दोन शब्द बोलायचे होते. कोणते, ते त्याला समजेना. खरंच यानं घेतलं नसेल तर? घेतलं असेल तर? तो काचेवरच्या धुळीकडे बघत राहिला, आणि तेवढ्यात आशिष कॅन घेऊन परत येऊन बसला होता.

संध्याकाळी गाडी पुन्हा दिगंबरला मिळाली. घरी घेऊन जा, असं आशिष स्वतः म्हणाला. दिगंबर पोचला तेव्हा अंगणात एक लोडिंग रिक्षा उभी होती आणि विनायक त्यात आपला चरक चढवत होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अवधपुरीला मावसबहीण मंजूषा राहत होती, तिच्याकडे चालला होता. उषा पदरानं डोळे पुसत कपड्यांची पिशवी धरून उभी होती.

"विन्या," दिगंबर म्हणाला.

विनायकनं दोरी आवळली, गाठ ओढून पाहिली, आणि रिक्षावाल्याला चल म्हणून सांगितलं.

दगड मग दिगंबरनंच उतरून लावला. ब्रेक दाबायला गाडीत उषा बसली, आणि तिचा पाय नीट पोचत नव्हता. गाडी थोडी घसरली, त्याचं बोट दगडाखाली चेपलं. नख काळंनिळं झालं. त्यानं ते तोंडात धरलं आणि तेव्हाच खिशातला फोन वाजला.

"दिगंबर," आशिष म्हणाला. "पुन्हा आठ लिटर. आत्ता. तुझा भाऊ कुठं आहे?"

"तो गेला, भैयाजी. घर सोडून गेला."

"मग आता कोण?" आशिषनं विचारलं, आणि त्या आवाजात राग नव्हता, त्यालाही काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताच आशिष स्वतः टेकाडावर येऊन बसला. उषानं खाट टाकली, पाणी दिलं. दिगंबरची गाडी खाली सडकेवर आली तेव्हा त्यानं खाली जाऊन ती हातानं थांबवली, किल्ली बंद करवली आणि मोबाईल बघितला. मग म्हणाला, "आता रोज लावतोस तशी लाव." गाडी ढकलून चालू केली, वर चढवली, वळवून उतारावर लावली. आशिष टाकीला पाठ लावून उभा राहिला. काही वेळ काही झालं नाही. मग त्याच्या हातातला मोबाईल टुण्ण वाजला.

"घटलं!" तो ओरडला. "अरे, मी इथं उभा आहे! कोणी हातसुद्धा लावला नाही!"

तो गुडघ्यावर बसून जमिनीवर थेंब शोधू लागला. पांढरी पँट मातीत गेली. दिगंबरही वाकला. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. खाली काही नव्हतं.

"खाली घे पुन्हा," आशिष म्हणाला.

सडकेवर गाडी सपाट उभी राहिली आणि आकडा परत वर गेला. वर चढवली, उतारावर लावली, आकडा खाली. सडकेवर आणली, आकडा वर. दोन मोठी माणसं ते पुन्हा पुन्हा करत राहिली, आणि उषा दारातून बघत होती. शेवटी आशिषनं रोहनला फोन लावला.

"उतारावर लावता का, सर?" फोनमधून रोहनचा आवाज आला. "दांडी मागच्या टोकाला आहे ना. तोंड खाली केलं की डिझेल पुढं जातं, दांडी उघडी पडते. सकाळी काका पंपाच्या सपाट जागेवर भरतात तेव्हा भरल्यापेक्षा तेवढंच जास्त दिसत असेल बघा."

आशिषनं मोबाईलवर बोटानं मागचे दिवस सरकवत पाहिलं. "हो रे. रोज दिसतंय. मग मशीन ओरडलं का नाही?"

"वाढलेल्याचा अलार्म कोणी लावत नाही, सर. दांडी फक्त उंची सांगते. उंची घटली की चोरी समजायची, असं ॲपमध्ये सेट करून घेतलंय."

"आधी नाही सांगायचं?"

"कोणी विचारलं नाही, सर."

आशिष हसला. मग त्याला आपण हसलो याची लाज वाटली. "दिगूभाऊ," तो म्हणाला, "उद्याच नवीन बॅटरी टाकून घ्या. आणि तो कॅन गोदामात आहे, घेऊन जा. गैरसमज झाला. होतं असं." त्यानं पँट झटकली. त्याच्यापुरतं ते प्रकरण मिटलं होतं, आणि खरं तर त्यानं दिगंबरकडे नुसतं एक नाव मागितलं होतं; भावाला चोर म्हण, असं म्हटलं नव्हतं.

दिगंबर मात्र पायरीवर बसून राहिला. गाडी त्याची राहिली होती. ज्याच्यासाठी सगळं केलं ते हातात होतं, आणि आता ते घेऊन काय करायचं हेच त्याला समजत नव्हतं.

रविवारी तो बसनं अवधपुरीला गेला. एका हातात धुऊन पुसून भरलेला कॅन, दुसऱ्या हातात उषानं दिलेला डाळीच्या गोळ्यांच्या कढीचा डबा. बसमध्ये बायका कॅनच्या वासानं तोंड फिरवून बसल्या. कॉलनीच्या फाटकापाशी, कडुनिंबाखाली विनायकची गाडी लागली होती. नवी जागा, गिऱ्हाईक नव्हतं. चरक मात्र त्यानं नेहमीसारखा घासून लख्ख केला होता.

"विन्या, मशीनच चुकलं रे," दिगंबर घाईघाईनं सांगू लागला. बसमध्ये जुळवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "उताराचं होतं सगळं. गाडी खाली तोंड करून लावली की दांडी उघडी पडते. भैयाजींनी स्वतः येऊन पाहिलं. तुझ्यावर काही नाही आता. एकदम साफ आहे. हा घे तुझा कॅन. चाल घरी, वहिनी वाट पाहून राहिली. कढी पाठवली तिनं."

विनायकनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही त्यानं तोंड फिरवलं नाही. मग फडक्यानं बाक पुसला आणि हातानं बसायची खूण केली.

"बैठिए भाईसाहब," तो म्हणाला. "बर्फ डालूँ, कि बिना बर्फ का?"

दिगंबरनं मागं वळून पाहिलं. कुणी गिऱ्हाईक आलं असावं असं त्याला वाटलं. मागं रस्ता रिकामा होता. साऱ्या भोपाळशी दोघं हिंदीत बोलत, पण एकमेकांशी जन्मात कधी हिंदीत बोलले नव्हते. भांडले तेही मराठीत, बाप गेला तेव्हा रडले तेही मराठीत. विनायक उत्तराची वाट बघत उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता. गिऱ्हाइकाशी वागावं तसा तो अदबीनं वागत होता.

दिगंबर बाकावर बसला. डबा मांडीवर घेतला. बोलायला तोंड उघडलं तर मराठी शब्द सापडेना.

"बिना बर्फ का," तो म्हणाला.

विनायकनं मान हलवली आणि ऊस घ्यायला वळला.